घरोबा दोघांचा, घर कुणाचे?

मराठीत लग्नावाचून पुरुषाच्या घरी राहणाऱ्या बाईसाठी जे शब्द आहेत ते बहुतेक सगळे कर्मणी आहेत. ठेवलेली, बसवलेली, आणलेली, घरात घातलेली. संबंध तुटला की टाकलेली, सोडलेली, हाकललेली. क्रिया दुसऱ्या कुणीतरी केलेली आहे आणि बाई त्या क्रियेचे कर्म आहे. ठेवणारा कोण, टाकणारा कोण, हे शब्द सांगत नाहीत. सांगण्याची त्यांना गरजच वाटत नाही. ज्याचे घर तोच ठेवणार आणि तोच टाकणार हे गृहीत आहे. बोलीतल्या ह्या साध्या शब्दांच्या पोटात मालमत्तेचा एक अख्खा कायदा बसलेला आहे, आणि तो कोणत्याही विधिमंडळाने केलेला नाही.

अपवाद ‘घरोबा’ ह्या शब्दाचा. ‘तिने त्याच्याशी घरोबा केला’ असे आपण म्हणतो तेव्हा बाई कर्ती असते, आणि शब्दातच घर असते. पण घरोबा मोडल्यावर त्या घराचे काय झाले हे सांगणारा शब्द आपल्याजवळ नाही. वाटणी भावाभावांची होते. काडीमोड नवराबायकोची होते. घरोबा मोडला तर काय होते? बाई बोचके उचलते आणि निघते, एवढेच आपल्या भाषेला ठाऊक आहे.

मराठी समीक्षेलाही ह्याहून अधिक ठाऊक असल्याचे दिसत नाही. प्रस्थापितांच्या समीक्षेने अशा संबंधांकडे नीतीच्या अंगाने पाहिले: व्यभिचार, अनौरस संतती, स्खलन. दलित समीक्षेने ही भाषा नाकारली आणि त्या जागी शोषण, वेदना, विद्रोह हे शब्द आणले. तो बदल मोठा होता ह्यात शंका नाही. परंतु भाडे कोण भरत होते, पत्रे कुणाच्या पैशाचे होते, घरपट्टीची पावती कुणाच्या नावे फाटत होती, हे प्रश्न दोन्हीकडच्या समीक्षकांनी क्षुल्लक मानले. हे प्रश्न विचारल्यावाचून आपल्याकडच्या काही महत्त्वाच्या पुस्तकांचे वाचन अपुरे राहते, असे माझे मत आहे.

आधी एक प्रस्थापित कृती घेऊ. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली रंगभूमीवर आले. सेन्सॉरशी झगडा झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, मोर्चे निघाले. सगळा गदारोळ शिव्यांवर आणि शरीरावर झाला. सखाराम नवऱ्याने टाकलेल्या बायका घरी आणतो आणि पहिल्याच दिवशी अटी सांगतो. जमेनासे झाले तर बाईने जायचे. जाताना तिला एक साडी, पन्नास रुपये आणि जिथे जायचे असेल तिथले तिकीट मिळेल. समीक्षकांना ह्यात सखारामचा रोखठोकपणा दिसला, दांभिक विवाहसंस्थेला दिलेला जबाब दिसला. असेलही. पण ह्या अटी करारनामा म्हणून वाचून पाहा. लक्ष्मी सातवी आहे. तिने त्या घरात स्वयंपाक केला, देव मांडले, झाडलोट केली, त्या खोल्यांना घरपण आणले. तिच्या आधीच्या सहांनीही कमीअधिक हेच केले असेल. सातजणींच्या श्रमाचा हिशेब पन्नास रुपये आणि एक तिकीट असा होतो, आणि घर जसेच्या तसे सखारामचे राहते. ‘चालती हो’ म्हणण्याचा अधिकार त्याला कशाने मिळतो? पौरुषाने नव्हे, तो तर नाटकात पुढे कोसळतो. तो अधिकार दाराच्या मालकीतून येतो. शेवटी चंपाचा खून होतो आणि तिला त्याच घरात पुरण्यासाठी खड्डा खणला जातो. एकीला तिकीट, दुसरीला जमिनीखालची जागा, अशी ती वाटणी आहे. तेंडुलकरांनी हे सर्व स्वच्छ लिहून ठेवलेले आहे. वाचणाऱ्यांचे लक्ष दुसरीकडे होते.

आता आपल्या घरात येऊ. शरणकुमार लिंबाळे ह्यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. मसामाईचे लग्न विठ्ठल कांबळे ह्याच्याशी झालेले; तो पाटलाच्या शेतात सालाने राबणारा. संसार मोडला आणि पहिली मुले बापाकडे राहिली. हणमंता लिंबाळे ह्या पाटलाने मसामाईला अक्कलकोटला भाड्याच्या घरात ठेवले. मूल झाले आणि पाटील बाजूला झाला. पुढची सारी कथा त्या मुलाच्या एका प्रश्नाची आहे: मी कुणाचा? शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव काय? अर्ध्या जातीचा, अर्ध्या गावाचा हा मुलगा नावासाठी जे सोसतो त्याने मराठी वाचक हादरला, आणि हादरायलाच हवे होते.

पण नावाच्या प्रश्नाने घराचा प्रश्न झाकून टाकला. पाटलाला वाडा होता, शेत होते. तरी त्याने मसामाईला भाड्याच्या खोलीत ठेवले, ही गोष्ट आपण ओलांडून पुढे जातो. भाड्याची खोली ही जमीनदाराच्या व्यवहारी शहाणपणाची खूण आहे, असे मला वाटते. वाड्याच्या उंबऱ्यात महारणीचे पाऊल पडले तर बाट; स्वतःच्या जागेवर चार भिंती घालून दिल्या तर उद्या वहिवाटीचा दावा. भाड्याने दोन्ही टळते. महिना भरला नाही की पाटलाला ‘जा’ म्हणावेही लागत नाही. ते काम घरमालक करतो. जातीने स्पर्श टाळला आणि मालमत्तेने हक्क टाळला. दोन्हींसाठी एकच खोली पुरली. मुलाला नाव नाकारणे आणि आईला घर नाकारणे ही एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत. पहिल्यावर आपण शेकडो पाने लिहिली. दुसऱ्यावर मला फारसे काही आढळले नाही.

ह्याच पुस्तकात दुसरे एक जोडपे आहे, आणि मला ते पुस्तकाचा गाभा वाटते. आजी संतामाय आणि दादा, म्हणजे महमूद दस्तगीर जमादार. ती महार, तो मुसलमान, एस. टी. स्टँडवर हमाली करणारा. ना निकाह, ना लग्न, ना दोन्ही समाजांची संमती. दोघे मिळून खातात आणि नातू वाढवतात. त्यांचा बराचसा संसार स्टँडच्या आसऱ्याने चालतो. माणुसकीचे उदाहरण म्हणून ह्या नात्याचे पुष्कळ कौतुक झाले. पण ह्या घरोब्यात कुणी कुणाला ठेवलेले नाही, ह्याचे एक कारण ठेवायला जागाच नाही हे आहे. दोघांपैकी कुणाच्याही नावावर दार नसल्यामुळे कुणी कुणाला दाराबाहेर काढू शकत नाही. दारिद्र्यामुळे समता आली असे म्हणून त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. उपाशी समता ही बाबासाहेबांनी मागितलेली समता नव्हे. विचारायचे ते हे की दादाला उद्या एक सरकारी घरकुल मंजूर झाले असते तर कागदावर संतामायचे नाव कोणत्या रकान्यात गेले असते?

किशोर शांताबाई काळे ह्यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये (१९९४) तर घर सरळच नाचणारीच्या कमाईवर चालते आणि घरातले पुरुष त्यावर बसून खातात. ती कुणाशी घरोबा करून गेली तर बायकोचा दर्जा तिकडे मिळत नाही, आणि जे घर तिने पोसले ते तिचे नसते. लेखकाने आपल्या नावात आईचे नाव धारण केले. पुन्हा नाव. घराची बाजू वाचकाने स्वतः जुळवून घ्यावी लागते.

हा पुस्तकी काथ्याकूट वाटत असेल तर जालना जिल्ह्यात चला. १ मे १९८१ ला औरंगाबाद आणि परभणी ह्या जिल्ह्यांचे तालुके तोडून हा जिल्हा झाला. शहरात बियाण्याच्या कंपन्या आणि लोखंडाच्या रोलिंग मिल. आणि दक्षिणेकडे अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या पुढेमागे कारखान्यांकडे निघणारे ऊसतोड मजूर. त्यांच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे हत्यार नसते, जोडी असते. एक पुरुष, एक बाई, मिळून एक कोयता; एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो, टनाचा भाव मोजतो तोही कोयत्याला. अर्थात श्रमाच्या बाजारात ही जोडी आधीच एक संयुक्त खाते आहे. मात्र उचलीचा कागद बहुधा पुरुषाच्या नावे होतो आणि पैसा त्याच्याच हातात पडतो. कोयता पुरा व्हावा म्हणून कोवळ्या मुलींची लग्ने लावली जातात हे आता सर्वांना माहीत आहे. कोयता पुरा व्हावा म्हणून विधवेने किंवा टाकलेलीने कुणा एकट्या गड्याशी घरोबा केला तर मात्र त्याची नोंद ना लग्नाच्या वहीत होते, ना कुणाच्या लेखात.

समजा, मंठा तालुक्यातली अशी एक जोडी आहे. पाच-सहा हंगाम तोडणी करून, उचलीतले पैसे मागे टाकून, त्यांनी गावाबाहेर गायरानाच्या कडेला विटांच्या चार भिंती उभ्या केल्या आणि वर पत्रे टाकले. विटा तिने डोक्यावर वाहिल्या, गारा तिने कालवला. सातव्या वर्षी दोघांचे पटेनासे झाले. आता वाटा. पत्रे मोजून वाटता येतात. दहा असतील तर पाच-पाच. दार एकच आहे. भिंत वाटता येत नाही. आणि जागा? ती सरकारची आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांपासून चाललेल्या झुंजीचे ते एक उशिराचे फळ होते. पण ही जोडी त्या तारखेनंतरची. तिच्या घराचा एकमेव कागद म्हणजे असला तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, करआकारणीचा उतारा. त्यात मालकाचा रकाना आणि भोगवटादाराचा रकाना वेगळे असतात. मालक सरकार, भोगवटादार तो. हा उतारा मालकीचा पुरावा नाही असे न्यायालये सांगत आली आहेत. तरी वीजजोडणीला तोच लागतो, घरकुलाच्या अर्जाला तोच लागतो, आणि गावात भांडण झाले की ग्रामसेवक तोच उघडून दाखवतो. शिवाय वाटणीत आणखी एक गोष्ट आहे: न फिटलेली उचल. घर त्याच्याकडे राहिले तरी मुकादम फिटायची उचल मागायला तिच्या माहेरच्या दारात येणार नाही ह्याची हमी कुणी द्यावी? घर एकाचे आणि कर्ज दोघांचे, हा प्रकार मराठवाड्यातल्या वाचकाला सांगावा लागू नये.

ह्या ठिकाणी कायदा काय म्हणतो ते पाहणे आवश्यक आहे. कायद्याची भाषाही एक साहित्यकृतीच असते, आणि तिचीही समीक्षा झाली पाहिजे.

पहिली गंमत ही की १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४५ वे कलम लग्न विचारत नाही, जात विचारत नाही, नाते विचारत नाही. दोघांनी मोबदला देऊन स्थावर मिळकत घेतली असेल तर ज्याचा जेवढा पैसा तेवढा त्याचा हिस्सा. कुणी किती घातले ह्याचा पुरावा नसेल तर दोघांचे हिस्से समान धरायचे. इंग्रजी वकिलांनी लिहिलेले हे कोरडे कलम आपल्या सगळ्या नीतिशास्त्रांपेक्षा बाईला अधिक मान देते, कारण त्याच्या दृष्टीने ती केवळ सहहिस्सेदार आहे. १८९३ च्या विभाजन कायद्याप्रमाणे घराचे तुकडे करणे शक्य नसेल आणि निम्म्याचा वा त्याहून अधिकचा हिस्सेदार विक्री मागत असेल, तर न्यायालय विक्रीचा हुकूम करू शकते. आणि दुसऱ्या हिस्सेदाराला मूल्यांकनाने तो हिस्सा स्वतः विकत घेण्याची मुभा आहे. म्हणजे खरेदीखतावर दोघांची नावे असली तर जालन्याच्या दिवाणी न्यायालयात ती उभी राहू शकते आणि तिला कुणी ‘तू त्याची कोण?’ असे विचारण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात १९९४ पासून मालमत्तेच्या दाव्यात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, ही गोष्ट कार्यकर्त्यांनाही पुष्कळदा माहीत नसते.

मात्र ह्या कलमाला पैसा दिसतो, वीट वाहणे दिसत नाही. डोक्यावरच्या विटांची पावती कुठे असते? इंग्लंडमध्ये हाच प्रश्न दोन गाजलेल्या खटल्यांत आला. ‘स्टॅक विरुद्ध डाउडन’ ह्या २००७ च्या निकालात अविवाहित जोडप्याचे घर दोघांच्या नावे होते. न्यायालयाने निम्मे-निम्मे गृहीत धरून सुरुवात केली, मग त्या दोघांचा एकूण व्यवहार तपासला आणि अधिक भार उचललेल्या बाईला ६५ टक्के दिले. २०११ च्या ‘जोन्स विरुद्ध कर्नॉट’मध्ये घर सोडून गेलेल्या पुरुषाच्या वाट्याला १० टक्के आले. न्यूझीलंडने २००२ पासून तीन वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्यांना विवाहितांच्या वाटणीचेच नियम लावले. तिकडे सर्व आलबेल आहे असे नव्हे. पण प्रश्न ‘ती कोण’ असा न राहता ‘दोघांनी मिळून काय उभे केले’ असा झाला.

आपल्याकडे प्रश्न अजून ‘ती कोण’ हाच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने ‘विवाहसदृश संबंध’ हा शब्द आणला आणि सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. चांगले झाले. पण राहण्याचा हक्क म्हणजे हिस्सा नव्हे. ती बाहेर काढली जाणार नाही एवढेच त्यातून मिळते. तेही कुणाला? २०१० च्या वेलुसामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटी घातल्या: दोघे लग्नास पात्र असावेत, म्हणजे अविवाहितही असावेत, समाजात पतिपत्नीसारखे वावरत असावेत, बराच काळ एकत्र राहिलेले असावेत. आणि जिला पुरुष पैसे देऊन पोसतो आणि मुख्यतः शरीरसुखासाठी किंवा मोलकरीण म्हणून वापरतो ती ह्यात बसत नाही, असे सांगताना न्यायालयाने ‘ठेवलेली’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला. ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग ह्यांनी त्या शब्दाला तेव्हाच हरकत घेतली होती. पुन्हा कर्मणी प्रयोग! दिल्लीच्या न्यायासनाची आणि आपल्या चावडीची भाषा इथे एक होते. मंठ्याच्या त्या बाईला कोण पोसत होते? ती अर्धा कोयता होती.

२०१३ च्या इंद्रा सरमा निकालात पुरुष आधीच विवाहित आहे हे बाईला ठाऊक होते, म्हणून संरक्षण नाकारले गेले. परंतु संबंध विवाहसदृश आहे की नाही हे ओळखण्याच्या खुणा सांगताना न्यायालयाने पैशाची सरमिसळ, संयुक्त खाते, दोघांच्या किंवा बाईच्या नावे घेतलेली स्थावर मिळकत ह्यांचाही उल्लेख केला. ह्याचा अर्थ नीट पाहा. घरावर तिचे नाव असेल तर नाते सिद्ध व्हायला मदत होते, आणि नाते सिद्ध झाले तर घरात राहता येते. जिचे नाव नाही तिला दोन्हीकडून दार बंद. बेनामी व्यवहाराच्या १९८८ च्या कायद्यातही, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या नावे मिळकत घेण्याची सूट आहे ती पती-पत्नीला आहे. जालना शहरात नोकरी करणाऱ्या एखादीने विश्वासाने सोबत्याच्या नावे प्लॉट घेतला, हप्ते स्वतः फेडले, आणि पुढे बिनसले, तर ‘पैसा माझा होता’ हे तिचे म्हणणेच तिच्या अंगावर येऊ शकते. समजुतीने वेगळे व्हायचे म्हटले तरी तेच. राहते घर बायकोला बक्षीस दिले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये. घरोब्यातल्या बाईला दिले तर पूर्ण दराने.

आणि मुळात अविवाहित कोण हे तरी कोण ठरवते? पाट, मोहतूर, गंधर्व ह्या नावांनी आपल्या जातींत पुनर्विवाह होत आले. ‘भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ ह्या १९६५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गंधर्व पद्धतीचा दुसरा विवाह आवश्यक विधी सिद्ध न झाल्यामुळे विवाहच मानला नाही, आणि पुरुष द्विभार्येच्या आरोपातून सुटला. विधीअभावी पुरुषाची सुटका होते. बाईची त्याच कारणाने उचलबांगडी होते. १९८८ मध्ये यमुनाबाई आढाव खटल्यात, हाही महाराष्ट्रातलाच, रीतसर विधी होऊनही पहिले लग्न अस्तित्वात असल्याने दुसरीला पोटगी नाकारली गेली. फसवून लग्न केलेल्या दुसरीला पोटगी द्यावी इतपत सुधारणा २०१३ च्या बादशाह निकालाने केली. पोटगी हा शब्दही पाहा: पोटापुरते. तिने घर उभारण्यात काही घातले असेल ही शंका त्या शब्दाला शिवत नाही. उत्तराखंडात २०२५ च्या जानेवारीपासून अमलात आलेल्या समान नागरी संहितेने अशा संबंधांची नोंदणी सक्तीची केली आणि सोडून दिलेल्या बाईला पोटगी देऊ केली. नोंदणी माणसांची. घराची कोण करणार?

चळवळीबद्दलही बोलले पाहिजे. संगमनेरहून निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न उभा केला. १९९४ साली औरंगाबादला परित्यक्तांची परिषद झाली. त्या लढ्याचा लेखाजोखा ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ ह्या पुस्तकात आहे. स्वतंत्र रेशनकार्ड, घरासाठी जागा, ह्या मागण्या त्या चळवळीने लावून धरल्या आणि त्यांचे मोल मोठे आहे. तरीही ‘परित्यक्ता’ म्हणवून घ्यायला आधी पत्नी असावे लागते. घरोब्यातून बाहेर पडलेली परित्यक्ताही ठरत नाही. विधवेच्या रकान्यात ती नाही, घटस्फोटितेच्या रकान्यात नाही. सरकारच्या घरकुल योजनेत घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे किंवा एकट्या स्त्रीच्या नावे मंजूर होऊ शकते. नियम चांगला आहे. पण संयुक्त नावाच्या त्या जागेत अविवाहित सोबती बसत नाही. सबब अर्ज एकाचा होतो, अनुदान एकाच्या खात्यात येते, आणि पंचवीस चौरस मीटरच्या त्या घराचा पाया खणताना मात्र दोघे खणतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच्या योजनेला रमाईचे नाव दिलेले आहे. त्या नावाखालच्या घरांत किती बायांची नावे आहेत ही माहिती आपल्या कार्यकर्त्यांनी अद्याप गोळा केलेली नाही, हे मला खटकते. आपल्या सभांत ‘घरात तथागत, दारात निळा झेंडा’ असे बरेच काही बोलले जाते. दाराचा उतारा कुणाच्या नावे आहे हे विचारले की सभा शांत होते.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्या बिलातून पुढे तुकड्या-तुकड्यांनी जे कायदे झाले त्यांत १९५६ च्या वारसा कायद्याचे १४ वे कलम आहे: स्त्रीच्या ताब्यातली मिळकत ही तिच्या पूर्ण मालकीची. पूर्वी तिला हयातीपुरता उपभोग असे. मालकी पुरुषांकडे परत जात असे. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. ह्या कलमाचा रोख मला इथे महत्त्वाचा वाटतो. स्त्री ही कुणाची तरी बायको, सून, आई म्हणून घरात राहते ह्या कल्पनेवर तो घाव होता. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मंगळसूत्राविना लग्ने लावली, पाट-मोहतुराला कमी लेखणाऱ्या नीतीला विरोध केला. मग घरोबा मोडलेल्या बाईचा न्याय करताना मात्र ‘तिचे रीतसर लग्न झाले होते का’ हा मनूचाच प्रश्न आपल्या वस्तीतले जाणते का विचारतात? आणि आपल्या कथा-कवितांत ती पावसात बोचके घेऊन निघालेली दिसते ती वेदनेची प्रतिमा म्हणून, तिच्या बोचक्यात घरपट्टीची पावती का नाही हे कुणी लिहीत नाही. वेदनेला आपल्या साहित्यात जागा मिळाली. हिशेबाला मिळालेली नाही. हिशेब हा सावकाराचा विषय आहे अशी आपली समजूत झाली असावी. आणि सावकाराचे त्यात काही नुकसान नाही.

हे आजच लिहिण्याचे कारण आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत आणि घराघराचे मालमत्ता पत्रक तयार होत आहे. ज्या घरांना पिढ्यानुपिढ्या नमुना आठखेरीज कागद नव्हता त्यांना मालकीची नोंद मिळणार आहे. वस्तीच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. पण चौकशीच्या वेळी दारात जो उभा असेल त्याचे नाव लिहिले जाईल, आणि एकदा लिहिलेले नाव बदलायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र, मुद्रांक, वकील आणि वर्षे लागतात. सामाईक घराची वाटणी घरोबा मोडल्यावर होते असे आपण समजतो. ती त्या चौकशीच्या दिवशीच होऊन जाते.

परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी, भोकरदन, जाफ्राबाद, बदनापूर, जालना. ह्या आठ तालुक्यांत हे नियतकालिक वाचणारे शिक्षक आणि विद्यार्थी आहेत. त्यांनी आपापल्या वस्तीतल्या पन्नास घरांचे नमुना आठ उतरवून आणावेत: मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, आणि प्रत्यक्ष चूल पेटवणारीचे नाव. मुकादमाच्या वहीत उचल कुणाच्या नावे आहे तेही विचारावे. दाखवणार नाही, तरी विचारावे. वाळूच्या ट्रॉलीची, सिमेंटच्या गोणीची, गवंड्याच्या मजुरीची चिठ्ठी बाईने जपून ठेवावी आणि तिच्यावर आपले नाव घालून घ्यावे, हे संध्याकाळच्या वर्गात सांगता येण्यासारखे आहे. उतारे आले की त्यांच्यासोबत ‘अक्करमाशी’ पुन्हा काढावे आणि अक्कलकोटच्या त्या भाड्याच्या खोलीपासून वाचायला सुरुवात करावी.